वणी, आठवणी आणि शब्दाची कड

यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्व भागात वणी हे तालुक्याचे गाव आहे. कोळशाच्या खाणींमुळे त्याचे नाव सर्वदूर गेलेले आहे आणि लोकनायक बापूजी अणे यांचे ते जन्मगाव. या गावाच्या नावात तीन चिन्हे आहेत: व, ण आणि ण नंतरची दीर्घ ईची मात्रा. एवढे छोटे नाव मराठीत इतर अनेक शब्दांच्या पोटात सहज मावते. आठवणी, लावणी, छावणी, शिकवणी, पाठवणी या प्रत्येकात वणी बसलेली आहे. मराठी वाचणाऱ्या माणसाला हे कधी जाणवत नाही, कारण डोळा शब्द अखंड वाचतो. संगणकाला मात्र शब्द दिसत नाही. त्याला एकापुढे एक मांडलेली चिन्हे दिसतात. एखाद्या स्मरणिकेच्या सगळ्या मजकुरात ‘वणी’च्या जागी ‘वणी तालुका’ असे करावे अशी आज्ञा त्याला दिली, तर माजी विद्यार्थ्यांच्या ‘आठवणी तालुका’ छापून येतील आणि सांस्कृतिक कार्यक्रमात ‘लावणी तालुका’ सादर होईल.

हसून सोडून द्यावी अशी ही गोष्ट वाटते. परंतु शाळेच्या कार्यालयात आता नावनोंदणीपासून दाखल्यापर्यंत सर्व काही संगणकावर आहे आणि शेकडो पानांत एकाच फटक्यात शब्द बदलणारी साधने कोणाच्याही हाताशी आहेत. तेव्हा ती साधने शब्द कशाला म्हणतात, हे आमच्या विद्यार्थ्यांना आणि लेखनिक बंधू-भगिनींना ठाऊक असणे आम्हांला अगत्याचे वाटते. म्हणून हा लेखप्रपंच.

ज्यांना आज्ञा-ओळीची साधने म्हणतात, ती म्हणजे खिडक्या आणि बटणांऐवजी कळफलकावर आज्ञा टंकून चालवायचे छोटे कार्यक्रम. त्यांतील दोन फार जुने आहेत. ‘ग्रेप’ शोधतो, तो केन थॉम्पसन यांनी लिहिला. ‘सेड’ शोधून बदलतो. तो ली मॅकमहॉन यांनी १९७३-७४ च्या सुमारास लिहिला. दोन्हींचा जन्म अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत झाला आणि लिनक्सवर चालणाऱ्या प्रत्येक संगणकात ते आजही आहेत. सेडला तिरप्या रेघांच्या मध्ये जुना शब्द आणि नवा शब्द द्यायचा, फाईलचे नाव द्यायचे, की निमिषार्धात काम संपते. हजार पानांचा ग्रंथ असला तरी तेवढ्याच वेळात संपते. चूकही तेवढ्याच वेगाने हजार पानांत पसरते.

पोटातल्या शब्दाची ही अडचण इंग्रजीतही आहे. इंग्लंडात स्कन्थॉर्प नावाचे एक शहर आहे. त्या नावाच्या पोटात योगायोगाने एक अश्लील शब्द दडलेला आहे. १९९६ साली एका मोठ्या अमेरिकी इंटरनेट सेवेच्या चाळणीने तेवढ्यावरून त्या शहराच्या रहिवाशांना खाते उघडू दिले नाही. तेव्हापासून या प्रकारच्या चुकीला स्कन्थॉर्पचेच नाव चिकटले आहे. यावर उपाय म्हणून साधनांत ‘शब्दाची कड’ ही कल्पना आली. सेडच्या जीएनयू आवृत्तीत शोधायच्या शब्दापूर्वी \< आणि शब्दानंतर \> अशी खूण केली, की तो शब्द स्वतंत्र असेल तेव्हाच जुळतो. उलट्या तिरप्या रेघेनंतर इंग्रजी लहान बी लिहिण्याचीही पद्धत आहे. ती खूण शब्दाच्या दोन्ही टोकांना चालते. ग्रेपला डब्ल्यू हा पर्याय दिला तरी तोच हेतू साधतो. मॅक संगणकावरील सेड निराळ्या घराण्यातला असल्यामुळे यांपैकी प्रत्येक खूण त्याला समजेलच असे नाही, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

आता ‘कड’ म्हणजे काय? साधनाची व्याख्या साधी आहे. काही चिन्हे ‘शब्दातली’ आणि बाकीची ‘शब्दाबाहेरची’ असे दोन गट तो पाडतो. एका बाजूला शब्दातले चिन्ह आणि दुसऱ्या बाजूला शब्दाबाहेरचे चिन्ह आले, की त्या दोहोंमधली जागा म्हणजे कड. इंग्रजीत अक्षरे, अंक आणि अधोरेखा शब्दातली. मोकळी जागा, स्वल्पविराम, पूर्णविराम बाहेरचे. इथवर सारे सुरळीत आहे. देवनागरीत आल्यावर प्रश्न उभा राहतो तो असा: मात्रा, अनुस्वार आणि हलन्ताचे चिन्ह यांना कोणत्या गटात टाकायचे?

मराठी माणूस हा प्रश्नच ऐकून चकित होईल. ‘का’मधला काना शब्दाबाहेरचा कसा असेल? परंतु युनिकोड या जागतिक संकेतावलीत प्रत्येक चिन्हाची जात नोंदवलेली आहे आणि तेथे क, ख, ग ही ‘अक्षरे’ आहेत, तर काना, वेलांटी, उकार, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही ‘जोड-चिन्हे’ आहेत. पायथन या आज शाळा-महाविद्यालयांत शिकवल्या जाणाऱ्या भाषेत मजकूर शोधण्याचा जो अंगभूत संच आहे, तो अक्षर, अंक आणि अधोरेखा यांनाच शब्दातले मानतो. जोड-चिन्हे त्याच्या लेखी बाहेरची. म्हणजे ‘महाराष्ट्र’ हा शब्द त्याला एक दिसतच नाही. ‘मह’ हा एक तुकडा, मग काना हे परके चिन्ह, मग एकटा ‘र’, पुन्हा काना, मग ‘ष’, हलन्त, ‘ट’, हलन्त, ‘र’. प्रत्येक काना-मात्रेपाशी त्याला एक कड दिसते.

याचे परिणाम वणीवरच तपासून पाहू. पायथनला दोन्ही बाजूंना कडेची खूण करून ‘वणी’ शोधायला सांगितले, तर ‘आम्ही वणी गाठली’ या वाक्यात त्याला काहीही सापडत नाही. कारण वणीचे शेवटचे चिन्ह वेलांटी आहे, ते त्याच्या मते शब्दाबाहेरचे, आणि पुढची मोकळी जागाही बाहेरची. दोन बाहेरच्या चिन्हांमध्ये कड नसते. मात्र ‘वणीकर’ या आडनावात त्याला वणी सापडते, कारण वेलांटीनंतर ‘क’ हे अक्षर येते आणि तेथे त्याला कड दिसते. ‘छावणीत’ या शब्दातही सापडते: छा मधील कान्यानंतर एक कड, णी नंतर दुसरी. ‘लावणीचा’ यातही तसेच. जेथे सापडायला हवे तेथे सापडत नाही आणि जेथे सापडू नये तेथे नेमके सापडते, असा हा उफराटा कारभार आहे. ‘आठवणी’ तेवढी वाचते, कारण ठ आणि व ही लागोपाठ दोन अक्षरे आहेत. हा निव्वळ नशिबाचा भाग होय.

आमच्या परिसरात ही गोष्ट गावांच्या नावांवर थांबत नाही. आत्राम, मेश्राम ही आडनावे आमच्या हजेरीपटांत नित्याची आहेत. समजा, एका विद्यार्थ्याच्या वडिलांचे नाव काही नोंदींत ‘राम’ आणि काहींत ‘रामचंद्र’ असे आहे, आणि कोणी सदिच्छेने सर्व नोंदींत स्वतंत्र ‘राम’ या शब्दाच्या जागी ‘रामचंद्र’ करण्याची आज्ञा पायथनला दिली. ‘आत्राम’मध्ये त नंतर हलन्त आहे. हलन्त बाहेरचे, त्यापुढचा र आतला, म्हणून तेथे कड. शेवटच्या म नंतर मोकळी जागा, तेथेही कड. झाले: ‘आत्रामचंद्र’ आणि ‘मेश्रामचंद्र’ अशी दोन नवी आडनावे जन्माला आली. ‘ग्राम’ या शब्दाचेही ‘ग्रामचंद्र’ होते. आणि हे सारे ‘संपूर्ण शब्दच बदल’ ही खबरदारी घेऊनसुद्धा होते, हे ध्यानात घेतले पाहिजे. खबरदारी न घेणाऱ्याची चूक लगेच दिसते. कडेची खूण करणारा मात्र निर्धास्त असतो आणि फाईल बंद करून घरी जातो.

दाखल्यावरचे आडनाव एका मात्रेने बदलले तर काय होते, हे अनुसूचित जाती-जमातींतील कुटुंबांना वेगळे सांगायला नको. जात पडताळणीच्या वेळी आजोबांच्या शाळेच्या नोंदीपासून नातवाच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यापर्यंत सारे कागद शेजारी शेजारी ठेवले जातात. त्यांत एका ठिकाणी आडनाव निराळे दिसले की शपथपत्रे, राजपत्र, फेऱ्या आणि अर्जाची तारीख टळून जाण्याची धास्ती सुरू होते. संगणकाला हे ठाऊक नाही. ठाऊक असायला हवे ते आज्ञा देणाऱ्याला.

सगळीच साधने पायथनसारखी वागतात असे नाही. पर्ल या भाषेला मजकूर युनिकोडमध्ये आहे असे आरंभीच बजावले, तर ती जोड-चिन्हांनाही शब्दातली धरते. तिच्या कडा देवनागरीत योग्य जागी पडतात. रिपग्रेप हे नवे शोध-साधनही तसेच. पायथनसाठीही ‘रेजेक्स’ नावाचा वेगळा संच मिळतो, तो ही चूक करत नाही. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्टचा न्याय तर आणखीच न्यारा आहे. तेथे शब्दातली चिन्हे म्हणजे रोमन अक्षरे, अंक आणि अधोरेखा, बस्स. संपूर्ण देवनागरी त्याच्या लेखी शब्दाबाहेर आहे, त्यामुळे मराठी वाक्यात त्याला एकही कड सापडत नाही.

जुन्या ग्रेप आणि सेडचे वागणे संगणकाच्या ‘लोकेल’वर, म्हणजे भाषा आणि प्रदेश यांच्या मांडणीवर अवलंबून असते. लोकेल ‘सी’ या मूळ मांडणीवर असेल तर साधन यूटीएफ-८ मधील देवनागरीकडे केवळ सुट्या बाइटांची रांग म्हणून पाहते. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक देवनागरी चिन्ह तीन बाइटांचे. वणी म्हणजे नऊ बाइट, आणि त्यांतला एकही ‘अक्षर’ नव्हे. अशा मांडणीत एक गंमत घडते. ग्रेपला डब्ल्यू हा पर्याय दिला तर तो आठवणीतली वणीसुद्धा दाखवतो, कारण आजूबाजूला ‘शब्दातले’ काही नाही एवढीच त्याची अट असते. आणि त्याच ग्रेपला \< व \> या खुणा दिल्या तर तो एकही वणी दाखवत नाही, कारण त्या खुणांना कडेच्या आत ‘शब्दातले’ चिन्ह हवे असते. दोन्ही पर्याय एकाच कामासाठी आहेत असे पुस्तकात वाचलेला विद्यार्थी येथे गोंधळणारच. लोकेल यूटीएफ-८ ची ठेवल्यावर परिस्थिती पुष्कळ सुधारते. तरी हलन्ताच्या चिन्हाबाबत सर्व प्रणाल्या एकसारख्या वागत नाहीत, म्हणून ‘आत्राम’, ‘संबुद्ध’, ‘वणीकर’, ‘छावणीत’ अशा दहा-वीस शब्दांची एक चाचणी-फाईल करून प्रथम तिच्यावर आज्ञा चालवून पाहणे बरे.

यावरचा आमच्या पसंतीचा उपाय म्हणजे कडेची तयार खूण वापरायचीच नाही. आपली कड आपणच सांगायची. ‘मागे देवनागरी चिन्ह नसावे, पुढेही देवनागरी चिन्ह नसावे’ असे साधनाला स्पष्ट शब्दांत सांगता येते. पर्ल आणि पायथन या दोहोंत ती अट अशी लिहितात:

(?<![ऀ-ॣॱ-ॿ])वणी(?![ऀ-ॣॱ-ॿ])

चौकटी कंसातील मजकूर देवनागरीच्या युनिकोड पट्ट्याचे दोन भाग सांगतो. पहिल्या भागात नेहमीची सर्व अक्षरे, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त येतात. मधला भाग आम्ही मुद्दाम वगळला आहे, कारण तेथे दंड, दुहेरी दंड आणि देवनागरी अंक बसलेले आहेत. ते घेतले असते तर गाथेतील किंवा ओवीतील दंडाला चिकटून आलेला शब्द सुटला असता. दुसऱ्या भागात ‘ॲ’सारखी नंतर आलेली अक्षरे आहेत. हे सूत्र लिहायला किंचित अवघड आहे, पण ते काय करते ते वाचून कळते आणि कोणत्याही संगणकावर त्याचा अर्थ बदलत नाही.

सेडला अशी ‘मागे-पुढे पाहण्याची’ शक्ती नाही. तेथे शब्दाच्या आधीचे आणि नंतरचे एकेक चिन्ह पकडून, शब्द बदलून, ती दोन्ही चिन्हे परत ठेवावी लागतात. यात एक फट राहते. ‘वणी वणी’ असे दोनदा लागोपाठ आले तर मधली एकच मोकळी जागा पहिल्या वणीने पकडलेली असते, दुसरीला आधीचे चिन्ह उरत नाही आणि ती सुटते. मराठीत द्विरुक्ती विपुल असल्यामुळे ही फट इंग्रजीपेक्षा आपल्याला अधिक बोचते. तीच आज्ञा दोनदा चालवली की काम होते.

एवढे करूनही मराठीचा मुख्य प्रश्न शिल्लक राहतो आणि तो कोणत्याही साधनाच्या चुकीचा नाही. मराठीत विभक्तीचा प्रत्यय नामाला जोडून लिहितात. ‘वणीला’, ‘वणीत’, ‘वणीहून’, ‘वणीच्या’ ही सगळी वणीचीच रूपे आहेत, पण संपूर्ण शब्दाची अट घातली की ती सारी सुटतात. अट सैल केली की आठवणी आणि छावणी आत येतात. हिंदीत ‘वणी में’, ‘वणी से’ असे तोडून लिहितात, तेथे हा पेच नाही. आपल्याला प्रत्ययांची यादीच सूत्रात द्यावी लागते: ला, त, ने, हून, चा, ची, चे, च्या, कडे, मध्ये, साठी, पासून, पर्यंत. शिवाय आकारान्त नावांचे सामान्यरूप होते. दारव्हा गावाचे ‘दारव्ह्यात’ होते, पांढरकवड्याला जायचे असेल तर ‘पांढरकवडा’ हा शब्द शोधून उपयोग नाही. पुसद, दिग्रस, उमरखेड यांचे तेवढे सोपे आहे.

नवे नाव निराळ्या वळणाचे असले तर प्रत्ययही बदलतो. २०२३ साली उस्मानाबादचे धाराशिव झाले, त्यानंतर पुष्कळांनी आपापल्या कागदांत बदल केले. ‘उस्मानाबादला’चे ‘धाराशिवला’ बिनबोभाट होते. परंतु ‘उस्मानाबादेत’चे ‘धाराशिवेत’ करून चालणार नाही. मराठी कान तेथे अडखळतो, ‘धाराशिवात’ किंवा ‘धाराशिवमध्ये’ म्हणावे लागते. हे काम व्याकरणाचे आहे, ते सूत्रावर ढकलता येत नाही.

उलट प्रकारचा प्रसंगही येतो, जेथे पोटातला शब्द बदलणेच इष्ट असते. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीच्या लिखाणात ‘गांव’, ‘नांव’, ‘पांच’ असे अनुच्चारित अनुस्वार आढळतात. ‘गांव’चे ‘गाव’ करताना गांवकरी, पिंपळगांव, गांवोगांव हे सारे बदललेलेच हवे. ‘पांच’चे मात्र तसे नाही. तेथे ‘पांचाळ’ या आडनावाचे ‘पाचाळ’ होऊन बसेल. एकाच नियमातून आलेल्या दोन शब्दांना दोन वेगळ्या आज्ञा द्याव्या लागतात. जुने लिखाण कृतिदेव किंवा तत्सम जुन्या टंकांत असेल, तर आधी त्याचे युनिकोडमध्ये रूपांतर केल्याखेरीज यांतले काहीच करता येत नाही, कारण त्या टंकांत पडद्यावर देवनागरी दिसत असली तरी फाईलमध्ये रोमन चिन्हे साठवलेली असतात.

आणि डोळ्याला एकच दिसणारा शब्द युनिकोडमध्ये दोन परींनी लिहिलेला असू शकतो. आपल्या मुलखाचेच नाव घ्या: वऱ्हाड. यातला अर्धा र कोणी ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त असा टंकतो, कोणी साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह असा. छापून आल्यावर दोन्ही ‘वऱ्हाड’ हुबेहूब सारखे. शोध घेताना एक सापडतो, दुसरा सापडत नाही. ‘ॲ’ हे अक्षरही असेच दोन तऱ्हांनी लिहिले जाते. सूत्र निर्दोष असूनही निम्मी पाने बदलत नाहीत, तेव्हा बहुधा हे कारण असते. शोधापूर्वी सर्व मजकूर एका परीत आणून घ्यावा.

आता शब्दाच्या कडेहून अधिक नाजूक कडेकडे वळू. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने वस्त्यांना आणि रस्त्यांना असलेली जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा, ढोरवस्ती, ब्राह्मणवाडा अशा नावांऐवजी समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर यांसारखी नावे द्यावीत असे ठरले. या निर्णयाचे मोल आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. पत्त्यांच्या याद्यांत हा बदल करायला कोणीही उत्साहाने बसेल. त्याने ‘महार’ एवढाच शब्द शोधला आणि कडेची खूण पायथनची वापरली, तर काय होईल ते आता वाचकाला सांगता येईल. ‘महारवाडा’ यात र नंतर व हे अक्षर आहे, तेथे कड नाही, म्हणून ते नाव जागचे हलणार नाही. ‘महाराष्ट्र’ यात र नंतर काना आहे, तेथे कड दिसेल, आणि राज्याच्या नावाचा पूर्वार्ध उडून जाईल. ‘महाराज’ही त्याच वाटेने जातील. जे नाव पुसायचे ते शाबूत आणि जे राखायचे ते मोडलेले.

‘महारवाडा’ हा पूर्ण शब्द शोधला तरी ‘महारवाड्यातील विहीर’ सुटते, कारण सामान्यरूपात काना नाही. तेव्हा ‘महारवाड’ येथवर शोधून पुढची रूपे हाताने पाहावी लागतात. आणि हाताने पाहताना दुसरा प्रश्न समोर येतो. पत्त्यांच्या यादीत हा शब्द बदललाच पाहिजे. परंतु एखाद्या वयोवृद्ध माजी विद्यार्थ्याने आपल्या बालपणाविषयी लिहिताना ‘आम्ही महारवाड्यात राहत होतो, पाण्यासाठी ताटकळत उभे राहत होतो’ असे लिहिले असेल, तर तेथे ‘आम्ही भीमनगरात राहत होतो’ असे करणे म्हणजे त्याची साक्ष पुसणे होय. दया पवार यांच्या ‘बलुतं’मधून तो शब्द काढून टाकावा असे कोणी म्हणणार नाही. तोच न्याय जुन्या दाखल-खारीज नोंदवह्यांना. अनुसूचित जातींची यादी १० ऑगस्ट १९५० च्या आदेशाने आली आणि त्या दिवसापूर्वीची, जातीचा उल्लेख असलेली नोंद पडताळणीत आजही मोलाची ठरते. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर कोणी श्रद्धेने त्या नोंदींच्या संगणक-प्रतीत एकगठ्ठा ‘बौद्ध’ असे केले, तर नातवाच्या हातचा पुरावाच नाहीसा होईल. महार रेजिमेंट हेही एका सैन्यदलाचे अधिकृत नाव आहे, ते आहे तसेच राहील.

संपूर्ण शब्द अचूक जुळूनही अनर्थ होतो याचे एक गाजलेले उदाहरण अमेरिकेतले आहे. २००८ साली तेथील एका धार्मिक संघटनेच्या वृत्तसेवेने ‘गे’ या शब्दाच्या जागी आपोआप ‘होमोसेक्शुअल’ घालण्याची सोय केली होती. त्याच उन्हाळ्यात टायसन गे हा धावपटू शंभर मीटरच्या शर्यतीत जिंकला आणि बातमीत त्याचे आडनाव बदलून छापले गेले. तेथे शब्द पोटातला नव्हता, कडा बरोबर होत्या. फक्त तो शब्द नव्हता, माणूस होता.

आदरार्थी विशेषणे जोडतानाही हेच भान हवे. ‘बुद्ध’च्या जागी सर्वत्र ‘भगवान बुद्ध’ करावे अशी इच्छा स्वाभाविक आहे. कडेशिवाय आज्ञा दिली तर बाबासाहेबांनी १९५६ साली ‘जनता’ पत्राला दिलेले नवे नाव ‘प्रभगवान बुद्ध भारत’ असे वाचावे लागेल. पायथनची कड लावली तर ‘प्रबुद्ध’ वाचतो, पण ‘संबुद्ध’चे ‘संभगवान बुद्ध’ होते, कारण अनुस्वार बाहेरचा. आणि ‘बुद्धी’ची ‘भगवान बुद्धी’ होते. आणखी एक: ज्या लेखकाने आधीच ‘भगवान बुद्ध’ लिहिले आहे, त्याच्याकडे ‘भगवान भगवान बुद्ध’ होते. नवा शब्द जुन्या शब्दाला पोटात घेत असेल, तर अशी आज्ञा दोनदा चालवणे धोक्याचे असते.

याचा कस लागतो तो विद्यापीठाच्या नावावर. मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली स्थापन झाले आणि दीर्घ लढ्यानंतर १४ जानेवारी १९९४ रोजी त्याचा नामविस्तार होऊन ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झाले. जुन्या लेखांत ‘मराठवाडा विद्यापीठ’ शोधून पूर्ण नाव घालायचे ठरवले, तर ज्यांनी पूर्ण नाव आधीच लिहिले आहे त्यांच्याकडे बाबासाहेबांचे नाव दोनदा येईल. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ हे वेगळे विद्यापीठ आहे. त्याच्या नावातही तेच दोन शब्द तसेच्या तसे आहेत, तेथेही नवे नाव मधोमध घुसेल. परभणीचे, आमच्याच जिल्ह्यातील वसंतराव नाईकांच्या नावाचे मराठवाडा कृषी विद्यापीठ मध्ये ‘कृषी’ असल्यामुळे सुटते. पहिल्या दोहोंसाठी सूत्रात मागची अट घालावी लागते:

(?<!आंबेडकर )(?<!तीर्थ )मराठवाडा विद्यापीठ

हे सूत्र आम्ही बदलण्यासाठी नव्हे, आधी केवळ पाहण्यासाठी चालवतो. ग्रेपला पी हा पर्याय दिला की तोही अशी अट समजतो, आणि एन हा पर्याय जोडला की जुळलेल्या ओळी क्रमांकासह समोर मांडतो. त्या ओळी वाचताना एखादी अशी निघतेच: ‘२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव संमत केला.’ येथे नवे नाव घातले तर विद्यापीठाला त्याचेच नाव देण्याचा ठराव झाला असे वाक्य तयार होते, आणि त्या ठरावानंतरची सोळा वर्षे, जाळलेली घरे आणि त्या लढ्यात गेलेली माणसे यांना वाक्यात जागाच उरत नाही. अशा ओळींचे क्रमांक आम्ही वहीत वेगळे लिहून ठेवतो, आणि बदलाची आज्ञा उरलेल्या ओळींवर, फाईलची प्रत काढून घेतल्यानंतरच देतो.